एक विमान सतत आकाशात : ‘लुकिंग ग्लास’साठी किती विमाने, किती माणसे?

३ फेब्रुवारी १९६१ रोजी अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने एक अखंड उड्डाणसाखळी सुरू केली. नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराजवळ असलेल्या ऑफट हवाई तळावरून दर आठ तासांनी एक विमान उडायचे, त्याने कामाचा ताबा घेतला की आधीचे विमान उतरायचे आणि पुढच्या आठ तासांनी हेच पुन्हा व्हायचे. हा क्रम २४ जुलै १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस वर्षे चालला. या मोहिमेचे नाव ‘लुकिंग ग्लास’. ऑफटच्या भूमिगत नियंत्रण केंद्रातून जे जे करता येत होते ते सगळे या विमानातूनही करता यावे, त्या केंद्राचे हे आरशातले प्रतिबिंब असावे, या कल्पनेवरून हे नाव पडले. सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मारा झालाच, तर त्याची पूर्वसूचना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त मिळणार नव्हती आणि भूमिगत केंद्र त्यातून वाचेल याचा भरवसा कोणाला नव्हता. म्हणून बॉम्बफेकी विमानांना आणि क्षेपणास्त्रांच्या तळांना आदेश देण्याचा अधिकार असलेला एक जनरल आणि त्याचा चमू कायम हवेत ठेवायचा, असे ठरले. १९६७ पासून तर मिनटमन ही जमिनीवरच्या तळांतील अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे थेट विमानातून डागण्याची यंत्रणाही या विमानांवर आली.

मोहिमेच्या राजकारणावर आणि अण्वस्त्रनीतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. आकाशात सदैव एक विमान ठेवायचे असेल, तर तळावर किती विमाने लागतात, आणि त्यातील एकेका खुर्चीसाठी किती माणसे लागतात? सोसायटीच्या फाटकावर चोवीस तास एक वॉचमन हवा असेल तर तीन पगारांत भागत नाही, हे कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक असते. साप्ताहिक सुट्टी, आजारपण आणि दिवाळी धरली की आकडा चार-पाचवर जातो. विमानाच्या बाबतीत तो त्याहून बराच वर जातो. तो किती वर जातो आणि नेमका कशामुळे, हे पाहण्यासाठी ‘लुकिंग ग्लास’ हे उत्तम उदाहरण आहे, कारण ठाणे, म्हणजे विमान सतत हवेत ठेवायची जागा, एकच होते, तळ एकच होता आणि कालावधी दीर्घ होता. पुढील हिशेबात जे आकडे माझे गृहीतक आहेत ते तसे सांगूनच वापरले आहेत.

सुरुवात ठाऊक असलेल्या दोन आकड्यांपासून करू. ३ फेब्रुवारी १९६१ ते २४ जुलै १९९० हे अंतर १०,७६३ दिवसांचे, म्हणजे २ लाख ५८ हजार तासांहून थोडे अधिक आहे. या काळात ‘लुकिंग ग्लास’च्या विमानांनी २ लाख ८१ हजारांहून अधिक तास अपघाताविना उड्डाण केले, असे अमेरिकन हवाई दल सांगते. दोन्ही आकड्यांतील फरक सुमारे २२ हजार ७०० तासांचा आहे. दिवसाला तीन याप्रमाणे एकूण ३२ हजारांच्या वर उड्डाणे झाली असे धरले आणि हा सगळा फरक त्यांत वाटला, तर एका उड्डाणाच्या वाट्याला ४२ मिनिटे येतात. हा सगळा वेळ ताबा देण्याघेण्यातच गेला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यात सरावाची आणि जादा राखीव विमानाची उड्डाणेही असू शकतात. पण आकडा कामाच्या स्वरूपाशी चांगला जुळतो. नवे विमान धावपट्टी सोडते, ठरलेल्या उंचीवर चढते, आतला चमू एकेक संपर्कमार्ग उघडून तो चालतो की नाही हे तपासतो, मुख्यालय आणि हवेतले जुने विमान या दोघांशी बोलतो, मगच ताबा बदलतो. त्यानंतर जुने विमान खाली यायला निघते आणि उतरते. या वेळात हवेत दोन विमाने असतात आणि ठाण्याच्या हिशेबात मात्र एकच धरले जाते.

तेव्हा २४ तासांच्या ठाण्यासाठी रोज सुमारे २६.१ उड्डाणतास लागत होते, महिन्याला ७८३ आणि वर्षाला साडेनऊ हजारांहून थोडे अधिक. नियोजनकाराच्या दृष्टीने हा जवळजवळ स्वप्नवत आकडा आहे. वाया जाणारा वेळ केवळ नऊ टक्के, आणि त्याचे कारण एकच : गस्तीची जागा तळापासून दूर नव्हती. अमेरिकेच्या मध्यभागावर घिरट्या घालणे एवढेच काम असल्यामुळे जाण्यायेण्यात वेळ खर्च होत नव्हता.

हे भाग्य समुद्री गस्तीच्या वाट्याला येत नाही. भारतीय नौदलाकडे पी-८आय जातीची बारा विमाने आहेत. तमिळनाडूतील अरक्कोणम येथील आयएनएस राजाली आणि गोव्यातील आयएनएस हंसा या तळांवर त्यांच्या तुकड्या आहेत. या जातीचे विमान तळापासून १,२०० सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटरवर, जाऊन चार तास काम करून परत येऊ शकते, असे बोइंग कंपनी सांगते. जाण्यायेण्याला प्रत्येकी पावणेतीन तास धरले, तर साडेनऊ तासांच्या उड्डाणात कामाचे तास चारच. एवढ्या दूरच्या एका जागेवर अखंड विमान ठेवायचे कोणी ठरवलेच, तर रोज सहा उड्डाणे आणि ५७ उड्डाणतास लागतील, महिन्याला १,७१०. बाराच्या बारा विमाने सदैव धडधाकट आहेत असे मानले तरी प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला १४२ तास येतात, आणि असा भार लष्करी ताफा दीर्घकाळ सोसू शकत नाही. नौदले दूरच्या पाण्यावर अखंड ठाण्याऐवजी ठरावीक अंतराने फेऱ्या का मारतात, याचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे. अंतर दुप्पट झाले की विमानांची गरज दुप्पट होऊन थांबत नाही. कामाचे तास शून्याकडे सरकू लागतात तशी ती झपाट्याने वाढते.

ऑफटच्या नियोजनकारांपुढे अंतराचा प्रश्न नव्हता, पण पाळी किती तासांची ठेवायची हा प्रश्न होताच. प्रत्येक उड्डाणामागे ०.७ तास जादा जातो असे धरले, तर सहा तासांच्या पाळीला दिवसाकाठी २६.८ तास लागतात, आठ तासांच्या पाळीला २६.१ आणि बारा तासांच्या पाळीला २५.४. पाळी दुप्पट करूनही दिवसाला दीड तासदेखील वाचत नाही. वाचतात ती उड्डाणे : वर्षाला १,४६० ऐवजी ७३०. टायर, ब्रेक, लँडिंग गिअर आणि इंजिनांची काही झीज तासांवर नव्हे तर चढउतारांवर ठरते, म्हणून हा फायदा खरा आहे. पण बारा तासांच्या उड्डाणाला आधीची माहितीबैठक, विमानाची तपासणी आणि नंतरचा अहवाल जोडला की माणसाचा दिवस सोळा तासांचा होतो. अण्वस्त्रांचे आदेश तपासून पुढे पाठवणाऱ्या माणसाला सोळाव्या तासाला जागे ठेवणे परवडते का, याचे उत्तर चढउतारांच्या खर्चात मिळत नाही. त्याच काळातील ‘क्रोम डोम’ या मोहिमेत अण्वस्त्रे घेतलेली बी-५२ जातीची बॉम्बफेकी विमाने सुमारे चोवीस तासांची उड्डाणे करीत, आणि त्यासाठी नेहमीच्या सहा जणांच्या चमूत जादा माणूस घ्यावा लागे. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनमधील पालोमारेसजवळ आणि जानेवारी १९६८ मध्ये ग्रीनलंडमधील थुलेजवळ जी दोन विमाने कोसळली, त्या दोन्हींत सात-सात जण होते. थुलेच्या विमानात तिसरा वैमानिक होता. लांब पाळीत वाचलेली माणसे अशा रीतीने पुन्हा विमानात चढतात.

विमानांच्या संख्येकडे वळू. तासांच्या हिशेबाने उत्तर लगेच मिळते : एक विमान महिन्याला शंभर तास देते असे गृहीत धरले, तर ७८३ तासांसाठी आठ विमाने पुरतात. पण हे सरासरीचे उत्तर आहे आणि अखंड गस्त सरासरीवर चालत नाही. पाळी बदलण्याच्या प्रत्येक क्षणी हवेतले विमान, उडायच्या तयारीतले विमान आणि ते ऐनवेळी बिघडलेच तर जमिनीवर सज्ज असलेले राखीव विमान, अशी तीन विमाने धडधाकट लागतात. कोणतेही विमान एखाद्या दिवशी उड्डाणयोग्य असण्याची शक्यता ७० टक्के आहे असे मानू. हाही माझाच आकडा; त्या काळच्या चार इंजिनांच्या आणि संपर्कयंत्रांनी ठासून भरलेल्या विमानाला तो अवास्तव नसावा. आता तळावर सात विमाने असतील, तर तीनपेक्षा कमी विमाने धडधाकट असण्याचा प्रसंग शंभरातून सुमारे तीन वेळा येईल. तीन टक्के हे कानाला फारसे वाटत नाही, पण वर्षाला १,०९५ पाळ्या बदलतात, म्हणजे असा प्रसंग वर्षातून ३१-३२ वेळा येणार. आठ विमाने असतील तर बारा वेळा, नऊ असतील तर पाचेक वेळा, दहा असतील तर दोनदा. तासांच्या हिशेबात नववे आणि दहावे विमान जवळजवळ निरुपयोगी ठरते. अर्थखात्याचा माणूस त्यावर बोट ठेवणार, हे उघड आहे. ती विमाने तास उडवण्यासाठी नसतातच. वर्षातले ते दहा-पंधरा वाईट दिवस टाळण्यासाठी असतात.

अर्थात तीनपैकी एक विमान गैरहजर असले म्हणून साखळी लगेच तुटत नाही. वर जाणारे विमान तयार नसेल, तर हवेतले विमान वरच थांबू शकते. हे शक्य झाले ते हवेतल्या हवेत इंधन घेण्याच्या सोयीमुळे. सुरुवातीला केसी-१३५ जातीच्या इंधनवाहू विमानांत बदल करून ‘लुकिंग ग्लास’चे काम भागवले होते; नंतर ईसी-१३५सी ही विमाने आली. त्यांची एकूण संख्या १७ होती, त्यांना टर्बोफॅन इंजिने होती आणि ती दुसऱ्या विमानाकडून इंधन घेऊ शकत होती. ही सतराही विमाने ऑफटला नव्हती, कारण इतर तळांवर पूरक नियंत्रण विमाने सज्ज ठेवावी लागत होती. माझ्या मते इंधन घेण्याची ही सोय दोन जादा विमानांपेक्षा मोलाची होती, आणि त्याचे कारण वरच्या शक्यतेच्या गणितातच दडलेले आहे. त्या गणितात प्रत्येक विमानाचा बिघाड स्वतंत्र मानला आहे. नेब्रास्काच्या हिवाळ्यात धावपट्टी बर्फाखाली गेली किंवा दाट धुके पडले, तर सातही विमाने एकदमच निकामी होतात. तेव्हा तळावर सात असोत की सत्तावीस, सारखेच. अशा वेळी उपयोगी पडते ते आधीच हवेत असलेले विमान, त्याला इंधन देणारे दुसऱ्या तळावरचे टँकर, आणि उतरायला दुसरी धावपट्टी. ताफ्याचा आकार ठरवताना विमाने मोजण्याआधी ही विमाने एकाच वेळी कशामुळे अडकू शकतात हे पाहिले नाही, तर पुढचे सगळे दशांश चिन्हांचे काम व्यर्थ जाते.

आणखी एक गोष्ट. वर धरलेले ७० टक्के हे निसर्गाने घालून दिलेले प्रमाण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्यांविरुद्ध गस्त घालणाऱ्या ताफ्यातील सुमारे तीन चतुर्थांश विमाने सदैव उड्डाणयोग्य ठेवावीत, असा दंडक होता. मूळचे जनुकशास्त्रज्ञ असलेले सेसिल गॉर्डन त्या वेळी तेथील संशोधन विभागात होते. या दंडकामुळेच उड्डाणे कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिले : विमाने तयार ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय ती न उडवणे हाच असतो. उडवली की ती बिघडतात, प्रमाण खाली येते आणि अधिकाऱ्याची कानउघाडणी होते. मेकॅनिकांचे हात सतत कामात राहतील इतकी उड्डाणे करावीत आणि देखभालीचे वेळापत्रक उड्डाणांच्या वेळापत्रकाशी बांधावे, ही त्यांची योजना एका तुकडीवर करून पाहिली, तेव्हा तिचे उड्डाणतास लक्षणीय वाढले. ‘लुकिंग ग्लास’सारख्या मोहिमेत उड्डाणांची मागणी वर्षानुवर्षे एकसारखी असल्यामुळे हे बांधणे सोपे जाते. कोणते विमान कोणत्या मंगळवारी तपासणीला हँगरमध्ये जाईल हे महिनाभर आधी सांगता येते. अचानक उद्भवणाऱ्या मोहिमांना ही सवलत नसते, आणि म्हणून तेवढ्याच तासांना त्यांना जास्त विमाने लागतात.

दीर्घ दुरुस्तीसाठी कारखान्यात गेलेले एखाददुसरे विमान आणि सरावाचे तास यात मिळवायचे राहिले. सरावाचे तास हा विषय वरवर क्षुल्लक दिसतो. आठ तास घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला तास भरपूर मिळतात, पण उतरण्याची संधी एकदाच मिळते आणि तीही दोन वैमानिकांत वाटली जाते. इंधन घेण्याचा सराव तर मुद्दाम करावा लागतो. त्यासाठी वेगळी उड्डाणे हवीत. त्यांचे दहा टक्के धरले, तर मागणी महिन्याला ८६० तासांच्या घरात जाते आणि तळावर नऊ-दहा विमाने, नावावर दहा-अकरा, असा आकडा येतो. आकाशात एक, कागदावर अकरा.

पण विमानांचा आकडा या प्रकरणातला अवघड भाग नाही. विमान रात्री तीनला उडाले काय आणि दुपारी तीनला उडाले काय, त्याला फरक पडत नाही. माणसांचे तसे नाही.

अमेरिकन हवाई दलाच्या अलीकडच्या नियमांत उड्डाणकर्मीला ३० दिवसांत १२५ तास आणि ९० दिवसांत ३३० तास अशी मर्यादा आहे. पहिल्या मर्यादेने ७८३ तासांना सात चमू पुरतात, दुसऱ्या मर्यादेने आठ. हा हिशेब मांडून सात किंवा आठ चमू मंजूर करणारा अधिकारी तीन महिन्यांत अडचणीत येईल. मर्यादा ही छताची उंची असते. तिथे रोज डोके लावून कोणी राहत नाही. एका चमूचा महिना प्रत्यक्षात कसा जातो ते पाहू. महिन्याला ९० गस्ती आहेत. तेरा चमू धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सात गस्ती, म्हणजे सुमारे ६० तास येतात. गस्तीचा दिवस बारा तासांचा आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती. रात्रीची पाळी असेल तर दुसरा दिवस झोपेतच जातो. सात गस्ती म्हणजे असे चौदा दिवस. शिवाय राखीव विमानाचा चमू जमिनीवर सज्ज बसलेला असतो. त्याची पाळी चोवीस तासांची धरली, तर महिन्यातील तीस पाळ्या तेरा चमूंत वाटून प्रत्येकाला दोन-तीन येतात, त्यांचे विश्रांतीसह पाच दिवस. एकोणीस दिवस संपले. सिम्युलेटर, वैद्यकीय तपासणी, अण्वस्त्र आदेशांच्या परीक्षा आणि सरावाची उड्डाणे यांना चार दिवस द्या; उरलेल्या सात दिवसांत रविवार, रजा, आजारपण आणि घर. साठ तासांचा चमू आळशी नसतो, हे या हिशेबावरून दिसते. उड्डाणाच्या नोंदवहीत मात्र जमिनीवर सज्ज बसल्याचा एकही तास चढत नाही, आणि नोंदवही पाहून माणसे कमी करणाऱ्यांची चूक येथेच होते.

यात बदल्यांची भर पडते. एका जागी तीन वर्षे नेमणूक आणि नव्या माणसाच्या तयारीला चार महिने असे गृहीत धरले, तर कोणत्याही दिवशी दीडएक चमू एवढी माणसे शिकाऊच असतात. तेराचे साडेचौदा झाले. विमानात चालकांपासून संपर्क आणि नियंत्रण अधिकाऱ्यांपर्यंत वीस खुर्च्या आहेत असे मानले, तर नुसत्या हवेतल्या कामासाठी २९० माणसे लागतात. मेकॅनिक, इंधनवाले, स्वयंपाकी, पहारेकरी आणि टँकरचे चमू वेगळेच. मात्र सगळ्या खुर्च्यांना सारखाच गुणक लावता येत नाही. विमानाच्या चालकाला दुसरे काम नसते, म्हणून तो महिन्याला सात गस्ती करू शकतो. जनरलची खुर्ची तशी नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक उड्डाणात जनरल दर्जाचा अधिकारी हवाच, आणि त्याला जमिनीवर स्वतःचे पूर्ण वेळेचे काम असते. त्याने महिन्याला दोन गस्ती केल्या, तर वर्षाच्या १,०९५ गस्तींसाठी ४६ जनरल लागतात. चार केल्या तरी २३, आणि मग त्यांचे जमिनीवरचे काम कोण करणार? सगळ्या खुर्च्यांत ही एकच खुर्ची अशी होती की प्रशिक्षण वाढवून किंवा भरती करून तिचा पुरवठा वाढवता येत नव्हता. टँकर आणि विमाने काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, पैसे मिळवून घेता येतात. जनरल वाढवायचे तर कायद्याने ठरवलेली पदसंख्या आड येते. कोणत्याही अखंड गस्तीचा आराखडा हाती आला की मी आधी विमानांची संख्या पाहत नाही. सर्वांत दुर्मिळ खुर्ची कोणती आणि तिच्यासाठी किती माणसे मोजली आहेत, ते पाहतो.

१९९० मध्ये शीतयुद्ध ओसरले आणि खर्चाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा अखंड उड्डाण थांबवून चोवीस तासांची सज्जता जमिनीवर किंवा हवेत, जशी गरज पडेल तशी, ठेवायचे ठरले. या एका निर्णयाने वर्षाचे साडेनऊ हजार उड्डाणतास, त्यांचे इंधन आणि त्यांची झीज बहुतांश वाचली. माणसे मात्र त्या प्रमाणात वाचली नाहीत. जमिनीवर सज्ज बसायलाही चोवीस तास पूर्ण चमू लागतो, पाळ्या लागतात, जनरल लागतो. वरच्या हिशेबातील गस्तींचे चौदा दिवस कमी होतात, पण सज्जतेच्या पाळ्या आणि सरावाची उड्डाणे वाढून त्यांतले बरेच परत घेतात. खरी बचत आठ वर्षांनी झाली. १ ऑक्टोबर १९९८ रोजी हे काम नौदलाच्या ई-६बी विमानांकडे गेले. ती एकूण सोळा विमाने पाण्याखालच्या पाणबुड्यांपर्यंत आदेश पोचवण्याचे काम आधीपासून करीतच होती, त्यासाठी त्यांचे तळ, टँकर आणि चमू उभे होतेच. नियंत्रण चमू त्याच विमानात बसवल्यामुळे दोन ठाण्यांची विमाने आणि चालक एकदाच मोजता आले, आणि जनरलच्या खुर्चीवर ॲडमिरलही बसू लागल्यामुळे त्या खुर्चीसाठीची यादीही लांबली.